मरीआईचा गाडा आणि वीस बाजूंचा फासा

शनिवारी रात्री पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक गाव साथीनं मरत होतं. गाव मी रचलेलं, साथही मीच रचलेली. टेबलावर वीस बाजूंचे फासे, पेन्सिली, चिवड्याचा डबा आणि भोवती चार मित्र. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत होतो.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून खेळतात तोच हा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. पात्रानं काय करायचं ते खेळाडू ठरवतो. ते जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला, तेव्हापासून जगभरातल्या पोरांच्या शनिवार रात्री यात गेल्या आहेत.

त्या रात्री डंजन मास्टर मी होतो. मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला, म्हणून माझ्या गोष्टीतला किल्ला नळदुर्गासारखा होता, नदी अडवून बांधलेल्या पाणीमहालासकट. किल्ल्याखालच्या गावात मला एक जादूचा रोग सोडायचा होता. पुस्तकातले रोग वापरून कंटाळा आलेला, म्हणून आमच्या गावच्या शिवेवरची मरीआई उसनी घेतली आणि नियम लिहिला: ‘रोग गाड्यात बसतो. गाडा शिवेबाहेर नेला की गाव मोकळं होतं आणि पुढच्या गावाला लागण होते.’

मित्रांना नियम आवडला. दोघं लगेच गाडा पुढच्या गावात ढकलायचा बेत करू लागले. मग चोराचं पात्र खेळणारी मैत्रीण म्हणाली, “एक मिनिट. गाडा ओढणार कोण? आणि त्याला सेव्हिंग थ्रो आहे का?”

माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं. खेळ तिथंच थांबला.

पुस्तकातले रोग

सेव्हिंग थ्रो म्हणजे वाचायची संधी. विष, रोग, जादू, काहीही अंगावर आलं की पात्र वीस बाजूंचा फासा टाकतं. त्यात आपल्या प्रकृतीचे गुण मिळवायचे. ठरलेला आकडा गाठला की वाचलात. राजा असो वा भिकारी, फासा एकच.

या खेळातले रोग कसे पसरतात ते बघण्यासारखं आहे. माणूस-लांडगा चावला की १२ चा आकडा गाठावा लागतो. नाही गाठला तर आपणही लांडगा. ममीचा हात लागला आणि फासा फसला तर जखमा भरायच्या बंद होतात, आयुष्य रोज थोडं झिजतं आणि शेवटी शरीराची माती होते. एक रोग दूषित पाणी पिऊन होतो आणि दृष्टी अधू करतो. त्यावर एका दुर्मीळ फुलाचं मलम लागतं. २०१४ च्या आवृत्तीत ‘कॅकल फीवर’ नावाचा हसण्याचा रोग आहे. रोग्याला वेड्यासारखं हसू फुटतं आणि त्याच्यापासून दहा फुटांच्या आत जो असेल त्याला फासा टाकावा लागतो. बुटक्या नोम जमातीला मात्र हा रोग होतच नाही. का, ते पुस्तक सांगत नाही. त्याच आवृत्तीत पॅलॅडिन नावाच्या व्रतस्थ योद्ध्याला थोडा अनुभव आला की कुठलाच रोग होत नाही.

१९७७ च्या जुन्या पुस्तकात लांडगा होणं हा रोग होता आणि तो रोग बरा करायच्या मंत्रानं जायचा. नव्या आवृत्तीत तो शाप झाला आणि शाप उतरवायच्या मंत्रानं जाऊ लागला. त्यातही भेद आहे. चावल्यामुळे जो लांडगा झाला तो या मंत्रानं सुटतो. जो जन्मानंच लांडगा आहे त्याला तो मंत्र लागू पडत नाही. त्याच्यासाठी खेळातली सगळ्यात मोठी, इच्छापूर्तीचीच जादू लागते.

‘जन्मानं’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

म्हणजे काल्पनिक रोग लिहायचा तर तीन ओळी पुरतात. तो कशानं पसरतो? वाचायची संधी कुणाला आहे? आणि उतरवतो कोण? मैत्रिणीनं माझ्या रोगातली दुसरी ओळ कोरी असल्याचं दाखवून दिलं होतं. आणि मरीआई तर मी रचलेली नव्हती. म्हणजे खऱ्या गावानं ती ओळ कशी भरली होती ते शोधायला हवं होतं.

गाडा

पटकी, म्हणजे कॉलरा, बंगालच्या मुलखात जुनाच होता. १८१७ साली जेसोरकडून उठलेली साथ मात्र थांबली नाही. फौजांच्या तळांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर, यात्रेकरूंबरोबर ती सरकत राहिली आणि १८१८ च्या पावसाळ्यात पुण्यामुंबईत पोचली. नंतरच्या शंभर वर्षांत ती पुन्हा पुन्हा येत राहिली. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी दिवस मावळायच्या आत जाई. कारण कुणालाच माहीत नव्हतं. लंडनमध्ये जॉन स्नोनं १८५४ साली एका पंपाच्या पाण्याकडं बोट दाखवलं, तरी बहुतेक डॉक्टर दूषित हवेलाच दोष देत राहिले. रॉबर्ट कॉखनं कलकत्त्यात रोगजंतू ओळखला तो १८८४ साली.

तोवर गावानं आपलं पुस्तक लिहिलं होतं. पटकी म्हणजे मरीआई. ती देवीच; तिला मारायचं नसतं, तिची समजूत काढून वाटेला लावायचं असतं. लाकडाचा छोटा गाडा करायचा. त्यात देवीची मूर्ती, हिरवं लुगडं, खण, बांगड्या, लिंबू, नारळ. कोंबडं किंवा बोकड कापायचं, निवद दाखवायचा. डफ वाजवत गाडा गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडं सोडून मागं न बघता परतायचं. पुढचं गाव जागेपणी बघत असेल तर भांडण. नसेल तर सकाळी त्यांच्या शिवेत गाडा उभा, म्हणजे आता त्यांनी तो पुढं ढकलायचा.

नियम म्हणून हे बघा. रोग इथं बरा होत नाही, फक्त फॉरवर्ड होतो. एका गावाचा उपाय ती दुसऱ्या गावाची लागण. गाडा जातो तो रस्त्यानं, आणि गंमत अशी की खरी पटकीही रस्त्यानंच जात होती. ती वारीबरोबर, बाजाराबरोबर आणि तळ ठोकणाऱ्या फौजेबरोबर एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जायची. मरीआईचा सण आषाढात येतो, आणि पहिल्या पावसात सगळी घाण वाहून विहिरीत उतरायचे दिवसही तेच. गावानं वाट ओळखली होती, वेळ ओळखली होती. वाटेनं चाललेलं नेमकं काय, ते ओळखलं नव्हतं.

काही उपाय तर कामाचे होते. साथीत वेस बंद करून कुणाला आत-बाहेर न सोडणं, किंवा प्लेगच्या वेळी अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहणं. उंदीर आणि पिसवांचं गणित कळायच्या आधीच गाव उंदरांपासून लांब गेलेलं असायचं.

आपल्या भाषेत हे पुस्तक अजून उघडंच आहे. स्मॉलपॉक्सला आपण ‘देवी’ म्हणालो, आणि त्यावरची लस घ्यायलाही ‘देवी काढणे’च म्हणालो. १९८० साली जगातून देवीचा रोग संपल्याचं जाहीर झालं, पण आपल्या आज्ज्यांच्या दंडावर तिचे गोल वण राहिले. २०२० मध्ये देशात काही ठिकाणी कोरोनामाईचीही पूजा झाली.

भुंकण्याचा रोग

मराठवाड्याच्या पुस्तकात आणखी एक रोग आहे: भानामती. तो पाण्यानं पसरत नाही, बघितल्या-ऐकल्यानं पसरतो. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. मराठवाडा आणि त्याला लागून असलेला कर्नाटक-तेलंगणाचा पट्टा, म्हणजे जुन्या निजामी मुलखात, आणखी एक लक्षण सांगतात: बायका कुत्र्यासारख्या भुंकतात. एक भुंकली की शेजारची, मग पलीकडची.

कॅकल फीवरचा दहा फुटांचा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हेच आठवलं. १९६२ साली आजच्या टांझानियातल्या काशाशा गावी मुलींच्या शाळेत हसण्याची अशीच साथ आली होती. मुली घरी गेल्या तशी ती इतर गावांत पसरली. जंतू सापडला नाही. ताण अंगावाटे बाहेर पडतो आणि त्याच ताणाखाली असलेल्या दुसऱ्या शरीराला तो बघून-ऐकून लागतो, असं अभ्यासक सांगतात. भानामतीच्या गावांत जाणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचंही म्हणणं असंच काहीसं राहिलं. दगड आणि बिब्ब्यामागं बहुतेकदा घरातलाच माणूस असतो, आणि भुंकणारी बहुतेकदा अशी बाई असते जिला एरवी तोंड उघडायची मुभा नाही. भुंकली तर तिच्यावर कुणी ओरडत नाही.

पण भानामती ‘करणारा’ कुणीतरी असावा लागतो. हा नियमातला सगळ्यात भयंकर भाग. बोट जायचं ते एकट्या विधवेकडं, भाऊबंदकीत अडचण ठरलेल्याकडं, गावकुसाबाहेरच्याकडं. मग मारहाण, धिंड, गाव सोडायला लावणं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावर त्याच वर्षी आला. करणी, चेटूक, जारण-मारण यांच्या नावाखाली कुणाला मारणं, धिंड काढणं हा आता गुन्हा आहे. खेळाच्या भाषेत सांगायचं तर, ज्याच्यावर बोट दाखवलं जायचं त्याच्या हातात पहिल्यांदा फासा आला.

आज्जीचा फोन

रविवारी सकाळी मी आज्जीला फोन केला. “आज्जी, मरीआईचा गाडा वढायचं कोन?”

“आन् कोन वढणार? पोतराज व्हता, म्हारवाड्यातली मान्सं व्हती. आपल्यातलं कोन हात लावतंय त्याला?”

“मग त्या माणसांना काही झालं तर?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्येंचं त्येंलाच ठाव.”

मला उत्तर मिळालं. गावानं ती ओळ कोरी ठेवली नव्हती. गाडा ओढणारा जन्मानंच ठरलेला होता आणि त्याला सेव्हिंग थ्रो नव्हता. आमचं घर वेशीच्या आतलं. गाडा शिवेबाहेर गेला की सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांपैकी आम्ही होतो.

कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात चाळ, हातात आसूड, असा पोतराज तुम्ही बसस्टँडवर बघितला असेल. तो आसूड तो स्वतःच्या अंगावर मारतो. आपल्या भागात ही चाल मुख्यतः मातंग आणि काही ठिकाणी महार कुटुंबांत राहिली. गावावरचं संकट अंगावर घ्यायचं काम ज्यांच्याकडं दिलं त्यांना वस्ती मात्र वेशीच्या बाहेर. मरीआईचं ठाणही तिकडंच.

सगळ्यात जुना जादूचा रोग

आज्जीशी बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडचा सगळ्यात मोठा जादूचा रोग पटकी नव्हता, भानामतीही नव्हती. तो होता विटाळ.

कोडिंग करणाऱ्या माणसाला नियम मांडून बघायची सवय असते. मी वहीत मांडले. विटाळ स्पर्शानं पसरतो. पाण्यातून आणि शिजवलेल्या अन्नातून जातो, कोरड्या धान्यातून जात नाही. मातीच्या भांड्याला लागला तर भांडं फोडायचं, पितळेच्या भांड्याला लागला तर घासून घ्यायचं. सोवळ्याचं रेशीम टिकतं, सुती कपडा बाटतो. वरच्याकडून खालच्याकडं जात नाही, खालच्याकडून वरच्याकडंच जातो.

मग यातल्या चुका दिसू लागतात. ज्या हातांनी ज्वारी कापली, मळली, पोत्यात भरली त्या हातांचा विटाळ ज्वारीला नाही, कारण मग खायचं काय? मेलेलं ढोर ओढलं की विटाळ. पण त्याच कातड्याची मोट विहिरीचं पाणी उपसते, आणि तुळजापुरात गोंधळ्याच्या संबळावर ताणलेलं कातडंच आईपुढं वाजतं. जिथं नियमानं मालकाचं नुकसान होईल तिथं नेमका अपवाद आहे. प्रोग्राममध्ये असं दिसलं की मी त्याला बग म्हणत नाही. कुणीतरी मुद्दाम तसं लिहिलंय असं समजतो.

सर्वांत मोठी गोष्ट उपायाची. ज्याला लागण झाली त्याला एक आंघोळ किंवा थोडं गोमूत्र पुरे. ज्याच्यापासून लागण होते असं ठरवलं त्याला उपाय नाहीच. जन्मजात लांडग्याला निदान इच्छापूर्तीची जादू तरी होती.

२० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळं नगरपालिकेनं आधीच सर्वांना खुलं केलेलं होतं. पाण्याला काय झालं? काहीच नाही. तरीही तिथल्या सवर्णांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, दही, दूध, शेण, गोमूत्र घालून तळं ‘शुद्ध’ केलं आणि मगच ते प्यायले. पटकी पाण्यातून पसरते हे आदल्याच शतकात सिद्ध झालं होतं, तरी माणसांनी प्यायच्या पाण्यात शेण घातलं, ते एका काल्पनिक रोगाच्या भीतीनं. तळ्याचा खटला हायकोर्टात संपायला १९३७ उजाडलं. निकाल आंबेडकरांच्या बाजूनं लागला.

हे फार लांबचं नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आमच्याच धाराशिव तालुक्यातल्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली होती. बाबासाहेब तिथं आले होते. वतन म्हणजे जन्मानं गळ्यात पडलेली गावकीची कामं आणि त्याबदली तुटपुंजी जमीन नाहीतर बलुतं. बाबासाहेब १९२८ पासून हे वतन मोडायच्या मागं होते, कारण त्या तुकड्यापायी माणूस गावाचा कायमचा चाकर होतो. कनिष्ठ वतनं कायद्यानं संपली ती १९५८ साली. त्याआधी, १९५६ च्या धर्मांतरानंतर, अनेक घरांनी मरीआईसह जुने देव सोडले. मला ते आता असं दिसतं: ज्यांना शतकानुशतकं गाडा ओढायला लावला त्यांनी एक दिवस दोर खाली ठेवला.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्यात खरा रोग आणि खोटा रोग एकाच रस्त्यावर भेटतात. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरजवळ त्याच्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. ज्या स्पर्शाला गाव घाबरत होतं त्यानं त्यांना काहीच झालं नाही. ज्या रोगाला खरंच घाबरायला हवं होतं त्यानं त्यांना गाठलं. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. तो धोका त्यांना माहीत होता. त्यांनी तो पत्करला होता. आमच्या गावच्या गाडा ओढणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचा शनिवार

खेळातला जादूचा रोग खोटा असतो, पण त्याचे नियम टेबलावर सगळ्यांसमोर उघडे असतात. नोमना सूट का, असं कुणीही विचारू शकतं. पटलं नाही तर आम्ही तो नियम खोडतो. गावाचे नियम कुणी लिहून दाखवले नाहीत, म्हणून ते खोडायला इतकी वर्षं आणि इतकी माणसं लागली. आणि अजूनही ते सगळे खोडून झालेले नाहीत. आमच्या गावात आज्जीच्या पिढीतल्या काही घरांत चहाचा एक कप अजून वेगळा ठेवलेला असतो. तो कुणासाठी, हे मोठ्यानं कुणी सांगत नाही. दिवाळीला गेलो की मी त्याच कपात चहा पितो. आज्जी बघते, काही बोलत नाही.

पुढच्या शनिवारी मी नवा नियम वाचून दाखवला. “गाडा कुणीही ओढू शकतं. ओढणाऱ्यानं दर कोसाला सेव्हिंग थ्रो टाकायचा. सगळ्या पात्रांना सारखाच.”

टेबलावर शांतता. मागच्या वेळी गाडा ढकलायला निघालेले दोघं आपापल्या पात्राचे हिट पॉइंट्स मोजत बसले. कुणीच फासा उचलेना.

मग चोर म्हणाली, “गाडा राहू दे इथंच. या गावातली विहीर कुठाय?”